बारा काड्यापेट्यांचं गाढव

उसाच्या त्या बेटावरच्या शमें ग्रेनिए गावात कुंतीशी वाद घालून जिंकून घरी गेलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. साखरेच्या कोठीवरचा सरदार, म्हणजे मळ्याचा मुकादम, ज्याच्या नुसत्या खोकल्याने मजूर कोयते उचलत, तोसुद्धा तिच्याशी बोलताना टोपी हातात घ्यायचा. तिचा नवरा लक्ष्मण उसाची बैलगाडी हाकायचा. आठ वर्षांपूर्वी तो तापाने गेला. तेव्हा दिराने पलीकडच्या फिनिक्स गावाहून निरोप धाडला, की वहिनीने आता आमच्याकडे येऊन राहावं, एकट्या बाईचं गावात काय आहे? कुंतीने उलट निरोप धाडला, की एकट्या बाईचं गावात घर आहे, म्हातारा बाप आहे आणि दोन हात आहेत; दिराला कधी अडचण पडली तर त्यानेच इकडे येऊन राहावं. तो विषय तिथेच मिटला.

हातांचं म्हणाल तर ती वाक्वाची, म्हणजे केवड्यासारख्या झाडाची, लांब पात चिरायची, वाळवायची आणि त्या पातीच्या बाजाराच्या पिशव्या विणायची. हात विणत असत आणि तोंड आपलं काम करत असे. आणि दर रविवारी सकाळी दहा वाजता, ऊन असो की पाऊस, ती गावच्या मराठी लोकांच्या समितीच्या खोलीत मराठी अक्षरं शिकवायची. मुलं यायची, मुलांच्या आया यायच्या. कुणी तिला नेमलं नव्हतं, त्यामुळे काढून टाकायचीही सोय नव्हती.

वर्ग मुळात तिच्या बापाचा, परशुरामाचा. त्याच्या आज्याने कोकणातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, या बेटावर येताना एक फाटकी पोथी आणली होती. त्या पोथीवरून परशुरामाने एकेक अक्षर उचललं आणि आंब्याखाली चार पोरांना धरून बसवलं. पुढे समिती झाली, खोली झाली. समितीच्या सभांची जी जाडजूड वही आहे तिच्या पहिल्या पानावर पहिला नियम परशुरामाच्याच हातचा आहे: ‘सभेत जो ज्या बोलीत बोलेल, त्याचं बोलणं त्याच बोलीत लिहावं.’ साठ सालच्या वादळाने खोलीचे पत्रे उडवून उसात नेऊन टाकले, तेव्हा भिंतीचे दगड डोक्यावरून वाहणाऱ्यांत कुंती पहिली होती. आता म्हातारा अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. डोळे शाबूत, पण कानांनी कधीच रजा घेतलेली. म्हणून वर्ग लेकीकडे आला.

आणि पासष्ट सालच्या जुलैत हा वर्गच बंद करायची गोष्ट निघाली.

काढली चंद्रमोहनने. हा समितीचा चिटणीस. तिशीतला, हुशार, गळ्यात टाय. राजधानीत, पोर्ट लुईला कचेरीत कामाला, आणि त्याआधी दोन वर्षं लंडनला शिकून आलेला. लहानपणी यानेही परशुरामाकडे अ-आ-इ गिरवलं होतं, पण पुढे शाळा इंग्रजी-फ्रेंच, घरात क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून झालेली बेटावरची बोली, तेव्हा अक्षरं जिथल्या तिथे राहिली. पोरगा वाईट नव्हता हो. आपल्या गावातली पोरं परीक्षांना मागे पडतात याची त्याला खरी तळमळ होती. फक्त एकदा शिडी चढलं की माणसाला खालच्या पायऱ्या लाकूडफाटा वाटायला लागतात, तसं त्याचं झालं होतं.

त्या रविवारी त्याने खोलीत भाषण ठेवलं. विषय: विचार करणारं यंत्र. भाषण क्रेओलमध्ये, मधेमधे फ्रेंचची फोडणी. आणि खोटं कशाला बोला, भाषण चांगलं होतं. कुंती पाती चिरायची विसरून ऐकत राहिली.

चंद्रमोहन म्हणाला, पंधरा वर्षांपूर्वी एका इंग्रज गणितीने एक प्रश्न टाकला. यंत्र विचार करतं की नाही हे ठरवायचं कसं? त्याचं उत्तर असं: पडद्याआड एकदा माणूस बसवा, एकदा यंत्र. बाहेरून चिठ्ठ्या पाठवून प्रश्न विचारा. पडद्यामागे कोण आहे ते ओळखता आलं नाही, तर यंत्राला बिनडोक म्हणायचा तुम्हाला हक्क नाही. मग छप्पन साली अमेरिकेत दहा-बारा विद्वान एका उन्हाळ्यात एकत्र बसले आणि या विद्येला त्यांनी नाव दिलं: आर्टिफिशियल इंटेलिजन्स, फ्रेंचमध्ये अँतेलिजाँस आर्तिफिसिएल. तिकडे एक यंत्र आहे, ते सोंगट्यांचा खेळ खेळतं. स्वतःशीच हजारो डाव खेळून ते इतकं तरबेज झालं की तीन वर्षांपूर्वी त्याने एका नावाजलेल्या खेळाडूला हरवलं. दुसरं एक यंत्र डोळ्याने आकार ओळखायला शिकतंय. रशियन वाक्य घातलं की इंग्रजी वाक्य बाहेर काढायचे प्रयोग चाललेत. उद्या ही यंत्रं वादळ कधी येणार ते सांगतील, टपालाची पत्रं गावागावानुसार वेगळी करतील, डॉक्टरला रोग ओळखायला मदत करतील. हसवायला म्हणून त्याने पुढे सांगितलं, की एका विद्वानाकडे यंत्रच नव्हतं, तर त्याने काड्यापेट्या आणि रंगीत मणी घेऊन काम भागवलं. लोक हसले.

“एन माशिन की पांसे,” चंद्रमोहन दोन्ही हात पसरून म्हणाला. क्रेओलमध्ये ‘पांसे’ म्हणजे विचार करणं. यंत्र, जे विचार करतं.

पुढच्या बाकावर परशुराम कानामागे हात धरून बसला होता. त्याला तेवढाच एक शब्द पोचला. तो खणखणीत आवाजात म्हणाला, “फासे? फाशांचं माशिन? म्हंजे जुगार हाय का रं ह्यो?”

खोली हसून हसून लोळली. चंद्रमोहनही हसला. म्हातारा सगळ्यांकडे बघत राहिला आणि आपण काय विनोद केला ते न कळल्याने स्वतःही थोडा हसला. ते हसू कुंतीच्या काळजात रुतलं. या खोलीतल्या निम्म्या लोकांचं बोट धरून त्या म्हाताऱ्याने अक्षर काढायला शिकवलं होतं.

हशा ओसरल्यावर चंद्रमोहन मुद्द्यावर आला. म्हणाला, जग असं धावतंय आणि आपण रविवारची सकाळ कशात घालवतोय? मराठीत आरती होते, मंगलाष्टकं होतात. पण आत्ता मी जे सांगितलं ते मराठीत सांगताच येत नाही. शब्दच नाहीत. तेव्हा दहाच्या वेळेला इथे परीक्षेची इंग्रजी शिकवणी बसवू. तीन आठवड्यांनी सभा आहे, गणपतीच्या आधीची. तेव्हा मत घेऊ.

कुंती उभी राहिली. “चंद्रा, एक विचारते.”

“विचारा मावशी. पण क्रेओलमधून विचारा, म्हणजे सगळ्यांना कळेल.”

“मराठी कळत न्हाय असं हितं कोन हाय? हात वर करा.” एकही हात वर झाला नाही. “बरं. मग मराठीतच विचारते. तुझ्या त्या माशिनला मराठी येतं?”

“नाही. कुणी शिकवलेलं नाही.”

“शिकवलं तर येईल?”

“शिकवणार कोण, मावशी?” चंद्रमोहन हसला.

“ते नंतर बघू. दुसरं. त्या काड्यापेट्यांत मणी कशापायी?”

त्याने थोडक्यात सांगितलं. दर खेपेला पेटीतून डोळे मिटून एक मणी काढायचा, मणी सांगेल ती चाल खेळायची. डाव हरला तर ते मणी काढून टाकायचे, जिंकला तर तसलेच आणखी घालायचे. हळूहळू पेट्यांत चांगल्या चालीच उरतात.

“तिसरं,” कुंती म्हणाली. “हे मराठीत सांगता येत न्हाय म्हणालास. सभेत मी सांगून दाखवलं तर?”

“तर मी पहिला टाळी वाजवीन.”

“टाळी ऱ्हाऊ दे तुझ्यापाशी. माझ्यासमोर खेळायला बस, म्हंजे झालं.”

बोलून तर बसली. घरी येऊन पडवीत टेकली आणि आपल्यापाशी काय काय आहे ते मोजायला लागली. तिचं शिक्षण तिसरीपर्यंतचं. वीज म्हणजे कोठीच्या साहेबाच्या बंगल्यात दिसणारा दिवा. वर्ग गेला तर तिच्या बापाच्या सगळ्या आयुष्याचं काय उरणार होतं? वहीतला एक नियम आणि एक हशा. तिला भीती वाटली आणि त्या भीतीचाच राग आला. राग तिला बरा पडायचा. रागात तिचे हात झरझर चालत.

खेळ तिने घरचाच निवडला. ‘गाढव’. तेरा खडे मांडायचे. आळीपाळीने एक, दोन किंवा तीन उचलायचे. शेवटचा खडा ज्याच्या हाती येईल तो गाढव. तिकडची सगळी पोरं तो खेळून मोठी झालेली.

पहिली चाल समोरच्याची, म्हणजे यंत्रापुढे खडे येणार ते जास्तीत जास्त बारा. म्हणून बारा काड्यापेट्या. एक चंद्रमोहननेच भाषणानंतर पायरीवर फेकलेली होती, तीही तिने उचलली. पेट्यांवर कोळशाने आकडे घातले, मराठी आकडे, १ ते १२. प्रत्येकीत तीन जातींचे दाणे घातले, चार-चार. चिंचोका म्हणजे एक उचल, पांढरा वाल म्हणजे दोन, लाल गुंज म्हणजे तीन; फक्त पहिल्या पेटीत नुसते चिंचोके आणि दुसरीत गुंज नाही. नऊ खडे उरले असतील तर नवव्या पेटीत डोळे मिटून हात घालायचा. हरलं की त्या डावात निघालेले दाणे जप्त. जिंकलं की प्रत्येक दाण्याला जोडीदार. पेटी रिती झाली तर पहिल्यासारखी भरायची.

डोळे मिटून हात घालायला तिने बापाला बसवलं. ऐकू येत नसलं तरी आकडे त्याला वाचता येत होते.

खेळायला आल्या त्या पात विणायला येणाऱ्या बायका. सगळ्यांत पुढे शेजारची कामिनी, जिभेने कुंतीची सख्खी बहीण शोभेल अशी. पहिल्या दुपारी कामिनी ओळीने नऊ वेळा जिंकली.

“कुंते, ह्याला विचार म्हंतात?” ती म्हणाली. “दोन खडे उरले आन् ह्यानं दोन्ही उचलले. निस्तं गाढव हाय ग तुझं.”

“गाढवच हाय,” कुंती म्हणाली. “दाणा काढ भायेर.”

“गाढवापुढं वाचली गीता, दुसरं काय.”

“गीता न्हाय वाचत मी. दाणा काढते.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ते दोनदा जिंकलं आणि कामिनी म्हणाली, आंधळ्याचा दगड लागला. कुंतीला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं, पण ती बायकांसमोर रडणारी नव्हे. तिने त्या दिवशी विणकाम बाजूला ठेवलं आणि एकामागून एक चोवीस डाव खेळवले.

दुसरा आठवडा उजाडला तसं काहीतरी बदलायला लागलं. दोन खडे उरले की म्हातारा चिंचोकाच काढायचा, कारण त्या पेटीत दुसरं फारसं उरलंच नव्हतं. मग तीन उरले की वाल. चार उरले की गुंज. शहाणपण शेवटच्या खड्यापासून मागे-मागे सरकत होतं. कामिनी डाव हरली, पुन्हा हरली, आणि तिने खडे फेकून दिले. म्हणाली, “म्हातारा डोळे किलकिले करून बघतोय.” कुंतीने बापाच्या डोळ्यांवर पदराची पट्टी बांधली. कामिनी तरीही हरली. मग मात्र ती एकेक पेटी उघडून आत बघत बसली.

परशुराम आपल्या तळहातावरची गुंज निरखत होता. “कुंते,” तो म्हणाला, “मी पोरांना छडी मारायचो. कशाला मारली कुणास ठाव. निस्तं चुकलेलं अक्षर पुसलं असतं तरी चाललं असतं.”

कुंतीने त्याच्या हातातली गुंज घेतली आणि जोडीला एक घालून पेटीत टाकली. दोन-अडीचशे डाव झाले होते.

सभेचा दिवस आला. खोली गच्च भरली. अध्यक्ष सीताराम, बस चालवून निवृत्त झालेला, भांडण नको म्हणून देवालाही दोन नवस एकदम न बोलणारा माणूस, तो खुर्चीत अंग चोरून बसला होता. मागच्या अंगाला बायका. बायकांनी सभेला बसायचं, हात वर करायचा नाही, अशी तिथली रीत. कुंतीने त्यावरही एकदा वाद घातला होता, आणि तेवढा एकच तिचा वाद अजून लोंबकळत पडला होता.

तिने दोन बांबूंच्या मधे समितीचा अंतरपाट बांधला. हो, लग्नातलाच, कुंकवाचं स्वस्तिक काढलेला. खाली चादर लावून तो जमिनीपर्यंत पुरवला. आत कोण आहे ते दिसत नव्हतं. बाहेर पाटावर तेरा खडे, आणि पाटाशी कामिनी.

“चंद्रा, बस,” कुंती म्हणाली. “किती उचललेस ते मराठीत सांगायचं. आत काय हाय ते तुला ओळखायचं. माणूस का माशिन. तुझ्याच त्या इंग्रजाचा खेळ हाय.”

चंद्रमोहन हसत मांडी घालून बसला. दोन खडे उचलले आणि सवयीने म्हणाला, “दे.”

“काय देऊ?” कामिनी म्हणाली.

क्रेओलमध्ये ‘दे’ म्हणजे दोन. खोली हसली. आज हसू दुसऱ्या बाजूने आलं होतं. “दोन,” चंद्रमोहन कान लाल करून म्हणाला.

“अकरा उरले,” कामिनीने अंतरपाटाला तोंड लावून, ओरडून आत सांगितलं. अंतरपाटाखालून मूठ आली, पांढरा वाल ठेवून गेली. कामिनीने दोन खडे उचलले. नऊ. चंद्रमोहनने एक उचलला, आठ. आतून गुंज आली. पाच. चंद्रमोहनने कपाळावर बोट टेकून विचार केला आणि तीन उचलले. दोन उरले. आतून चिंचोका आला. पाटावर एकच खडा राहिला, चंद्रमोहनसमोर.

“गाढव,” कामिनी अगदी प्रेमाने म्हणाली.

दुसऱ्या डावाला त्याने कोट काढला. हरला. तिसऱ्याला कुणी मागून सल्ला दिला तर त्याच्यावर खेकसला, आणि हरला.

“हे माशिन नाही,” तो उठून म्हणाला. “हे लबाडीचं काम आहे, मावशी. आत कुणीतरी डोकेबाज बसलाय. मी सांगतो कोण ते. पांपलमूसचे देवराज मास्तर. गणित शिकवतात ते. तुम्ही त्यांना बसने आणवलंत.”

“नक्की ना? आत डोकं चालवणारा मानूस हाय?”

“नक्की.”

“सगळ्यांनी ऐकलं?” कुंतीने विचारलं, आणि अंतरपाटाची गाठ सोडली.

आत परशुराम बसला होता. डोळ्यांवर पदराची पट्टी, समोर बारा काड्यापेट्या. पट्टी वर सरकवून पेटीचा आकडा बघायचा, पुन्हा खाली ओढून दाणा काढायचा, एवढंच त्याचं काम. पडदा गेल्याचं त्याला कळलंही नव्हतं. पुढचा आकडा कानावर पडावा म्हणून तो कानामागे हात धरून थांबला होता.

कुणी हसलं नाही. कुंतीने अकरावी पेटी उघडून चंद्रमोहनच्या हातावर पालथी केली. नुसते पांढरे वाल.

“आता सांगते,” ती म्हणाली, आणि ती मराठीत बोलली, तिच्या पडवीतल्या मराठीत, ज्यात वाक्वा असतो, माशिन असतं आणि कोकणातला ‘हाय’ असतो. “तीन आठवड्यांमागं माझा बा म्हणाला, फाशांचं माशिन. तुम्ही दात काढलेत. पर त्यो बरोबर बोलला व्हता. पैल्या दिवशी हे निस्ते फासेच हुते. कुठलाबी दाणा कवाबी येत हुता. मग आमी काय केलं? हरलं की दाणा काढला. जिंकलं की घातला. अडीचशे डाव. ह्या पेटीला काय कळत न्हाय. आत जे हाय, ते कामिनीचं हाय, त्या समद्या बायांचं हाय. त्यांनी हरवलं म्हनून हे शिकलं. तुज्या त्या अँतेलि... काय ते, त्याला चंद्रा, मराठीत सबूद हाय. उसनी अक्कल. माणसाकडनं उसनी घेतलेली.”

तिने आवाज आणखी चढवला. “आन् तू म्हणालास, माशिनला मराठी येत न्हाय. येणार कसं? आडात न्हाय तर पोहऱ्यात कुठनं येणार? आमी बोललो तर कुणीतरी कधीतरी तिच्यात मराठी दाणा घालंल. आमीच पेटी रिकामी केली, तर पुढं समद्या जगाची माशिनं बोलतील आन् आमच्या बोलीत तेवढी मुकी ऱ्हातील. इंग्रजी शिकवा की. मी कवा नको म्हणाले? सोमवारी शिकवा, शनिवारी शिकवा. दहाचाच रविवार कशापायी पायजे?”

खरं सांगायचं तर इथे वर्ग वाचायला हवा होता. पण पुरुषांना घरी पोरांच्या परीक्षा दिसत होत्या, आणि ठराव छापून तयार होता. सीतारामने मत घेतलं. ठरावाच्या बाजूने चौदा हात, विरुद्ध अकरा. मागे बसलेल्या तीसेक बायकांचे हात मांडीवर. चंद्रमोहनने स्वतःचा हात वर केला की नाही ते कुणाला नीट दिसलं नाही. सीतारामने मात्र मोजला.

कुंती पेट्या ओच्यात गोळा करत होती. एकेक पेटी, क्रमाने. मग ताठ उभी राहिली.

“खोली समितीची,” ती म्हणाली. “घ्या. तिचे दगड मी वाहिलेत, ते पण घ्या. पर अक्षरं कुणाच्या बापाची न्हाईत. आन् असलीच, तर माझ्या बापाची हाईत. रविवारी दहा वाजता माझ्या पडवीत वर्ग हाय.”

आणि बापाचा हात धरून निघाली. दाराशी पोचली तेवढ्यात सीतारामचा आवाज आला. आयुष्यात भांडण टाळलेला तो माणूस वहीचं पहिलं पान उघडून बसला होता.

“थांब कुंती. चिटणीस, आधी वही पुरी करा. नियम पहिला. जो ज्या बोलीत बोलला, त्याच बोलीत. कुंती मराठीत बोलली. तसंच लिहा, मग सभा संपली.”

क्रेओल कुणी कागदावर लिहीत नसे आणि कित्येक वर्षांत सभेत कुणी मराठीत भाषणच केलं नव्हतं, म्हणून वही फ्रेंचमध्ये चालली होती आणि नियम झोपला होता. चंद्रमोहनने पेन उघडलं. सगळे थांबले. तो सावकाश, ओळीला अक्षरं टांगत, लिहायला लागला. ‘बा म्हणाला’ जमलं. ‘दाणा’ जमलं. घाम पुसला. ‘उसनी’ लिहिलं. मग पेन हवेत थांबलं ते थांबलंच. पत्र्यावरून चालणाऱ्या साळुंक्यांची नखं ऐकू येत होती.

चंद्रमोहनने मान वर केली. टाय सैल केला. आणि लहानपणी ज्या बोलीत पाटी दाखवायचा त्याच बोलीत, हळू आवाजात म्हणाला, “मावशी, अक्कल कशी लिवायची?”

कुंती दारात उभी होती. ओच्यात बारा पेट्या. एका शब्दात जोडाक्षर सांगून तिला निघून जाता आलं असतं. तिने बापाकडे बघितलं, मग वहीकडे.

“रविवारी ये,” ती म्हणाली. “दहा वाजता. पाटी घिऊन ये.”

आठवडाभर समितीच्या वहीत त्या ओळीत एका शब्दाची जागा रिकामी राहिली.

रविवारी खोलीत इंग्रजी शिकवणी सुरू झाली, आणि कुंतीच्या पडवीत, वाक्वाच्या भाऱ्यांमधून वाट काढत, बायका-पोरं मिळून तेवीस जण बसले. चोविसावा दहा मिनिटं उशिरा आला, बहिणीच्या पोराची पाटी काखेत लपवून. कुंतीने त्याला उशीर झाला म्हणून उंबऱ्याबाहेर उभं केलं. मग आत घेतलं. त्याने पाटीवर ‘अकल’ लिहिलं. तिने ते पुसलं. त्याने पुन्हा ‘अकल’ लिहिलं. तिने पुन्हा पुसलं. परशुराम शेजारी बसून बघत होता, छडी मागितली नाही. तिसऱ्या खेपेला चंद्रमोहनने खूप वेळ लावून क-ला क जोडला.

कुंतीने पाटी हातात घेतली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि त्याच्या पुढ्यात एक चिंचोका ठेवला.